अडीच तासांची हवा

घाबरलेला मासा दुप्पट हवा खातो. धाकट्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं शोभेचे मासे पिशव्यांत भरता भरता त्याच्या बोटांनाच ते कळलं होतं. पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, वर नळीने सोडलेला ऑक्सिजन, पिशवीच्या मानेला पीळ, त्यावर दोन रबरबँड आणि मग थर्मोकोलचा डबा. झाकणावर चिकटपट्टी बसली की आतल्या जिवाला तेवढीच हवा. ती संपायच्या आत डबा दुसऱ्या शहरात उघडला पाहिजे. म्हणून त्या तळघरातल्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे. रेडिओ नसे. दिवा एकच, तोही मिणमिणता. एखाद्या नव्या बाईने पत्र्याची बादली खाली आपटली तर धाकटा काही बोलायचा नाही, नुसता तिच्याकडे बघायचा. त्या बघण्याला सगळे वचकून असत.

खोलीत त्याला पिशवीकाका म्हणत. घरात मात्र पन्नाशी उलटली तरी तो धाकटाच होता, कारण घरात दादा होता.

खोलीच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर शहरांची नावं आणि प्रत्येक नावासमोर एक आकडा. हे शहर अकरा तास, ते शहर सव्वीस तास. विमान किती लांब जातं, कुठल्या डोंगरावरून जातं, तिथली माणसं कशी दिसतात, याच्याशी धाकट्याला घेणंदेणं नव्हतं. त्याच्या लेखी शहर म्हणजे पिशवीत भरायची हवा. लांबचं शहर म्हणजे फुगलेली पिशवी आणि कमी मासे. तो स्वतः विमानात कधी बसला नव्हता.

“याचे मासे जग फिरून आले,” दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “आणि हा अजून बाजाराच्या पुलापलीकडे गेला नाही. मासे परत येऊन सांगत नाहीत म्हणून बरं, नाहीतर याला रात्रीची झोप लागली नसती.”

झोप त्याला तशीही बेताचीच लागत असे. गॅसचा नॉब बंद आहे ना, हे तो तीनदा उठून बघायचा. दाराची कडी, गच्चीची कडी, मग पुन्हा गॅस. बायको कूस बदलून म्हणायची, “तुम्हाला भित्रा म्हणणं म्हणजे तुमचा अपमान आहे. चार गल्ल्यांना पुरून उरेल एवढी भीती साठवून ठेवलीय तुम्ही.” तो हसायचा नाही. त्याला वाटायचं, हिला कळत नाही. कुठेतरी, कशाला तरी, बारीक छिद्र पडलेलं असतंच. पिशवी डोळ्यांना धड दिसते आणि तिकडे डबा उघडतात तेव्हा सगळे मासे पोट वर करून.

दादाला पडलेलं छिद्र मात्र स्पष्ट दिसत होतं. दादा गाड्या रंगवायचा. हातात फवाऱ्याची बंदूक, तोंडाला फडकं, चाळीस वर्षं. तरुणपणी संध्याकाळी घरी येऊन तो मोरीत थुंकायचा आणि ओरडून सांगायचा, “लहान्या, ये बघ! आज निळी गाडी होती!” आणि थुंकी खरोखरच निळसर असायची. दोघंही पोट धरून हसायचे. वडील लवकर गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. ज्या बंदुकीने दादाची छाती भरली तिनेच धाकट्याचं पोट भरलं, हे धाकट्याला कधी विसरता आलं नाही. आता दादाच्या नाकात दिवसरात्र नळी होती. नळीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीतल्या सॉकेटला लावलेली एक मशीन फुस्स, फुस्स करत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून द्यायची. वीज गेली की सगळं घर मशीनकडे धावायचं.

दादाच्या छातीवर उपाय करणारा डॉक्टर होता, पण तो दुसऱ्या शहरात. महिनोनमहिने वाट पाहिल्यावर तिथल्या हॉस्पिटलातून निरोप आला की एक पलंग रिकामा होतोय, अमुक दिवशी दुपारी हजर व्हा. नाही आलात तर पलंग पुढच्या माणसाला. पुढची पाळी कधी, ते सांगता येत नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, “पुढच्या पाळीची वाट बघण्याइतकी सवड त्यांच्याकडे नाही.” रस्त्याने जायचं तर चार दिवस, मधे घाट, आणि गाडीत मशीन चालवायची सोय नाही. राहिलं विमान.

तिकीट हातात आलं तेव्हा धाकट्याने ते दिव्याखाली धरून वाचलं. सुटण्याची वेळ सकाळी नऊ. पोहोचण्याची साडेअकरा.

“अडीच तास,” तो म्हणाला.

इथे त्याचं चुकलं, आणि असं चुकणं त्या तळघरातल्या माणसालाच जमलं असतं. त्या खोलीत डब्यावर जी वेळ लिहायची ती खोलीतल्या घड्याळाचीच. सुटण्याची वेळही त्याच घड्याळाची आणि डबा उघडण्याची शेवटची वेळही त्याच घड्याळाची. तिकडची घड्याळं काय दाखवतात हा हिशेब डबा घेणाऱ्याने करायचा. दोन घड्याळं एका डब्यावर आली की गोंधळ होतो आणि मासे मरतात. वरच्या ऑफिसातून विमानांच्या वेळा खाली यायच्या त्याही अशाच, खोलीच्या घड्याळात बदलून. जगात घड्याळं वेगवेगळी असतात हे धाकट्याला ठाऊक नव्हतं असं नाही. समुद्रात मीठ असतं हे जसं ठाऊक असतं तसं ते ठाऊक होतं, रोजच्या कामात त्याचा संबंध आला नव्हता. आणि हे शहर फळ्यावर नव्हतं. तिथले लोक मासे स्वतःच वाढवत, यांच्याकडून काही मागवत नसत. फळ्यावर असतं तर त्याच्यासमोरचा आकडा धाकट्याला झोपेतही आठवला असता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “उड्डाण किती तासांचं आहे?” त्याने सांगितलं, अडीच. त्यांनी लिहिलं, अडीच. बॅटरीवर चालणारी छोटी मशीन भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने तेच विचारलं. म्हणाला, “उड्डाणाच्या दीडपट बॅटरी लागते, नियम आहे. म्हणजे दोन बॅटऱ्या, दोन-दोन तासांच्या. बरोबर ना?” मग स्वतःच हसला. “तुम्हाला काय सांगायचं म्हणा! तुमचा रोजचा धंदा हा.” धाकट्याला जरा बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला या बाबतीत मोठं म्हटलं होतं.

आदल्या दिवसापासून त्याने दादाला चहा आणि दोन बिस्किटं यापलीकडे काही खाऊ दिलं नाही. माशांना प्रवासाआधी उपाशी ठेवायचं असतं. दादाने तिसरं बिस्किट मागितलं तेव्हा याने डबा वरच्या फळीवर ठेवला.

“मला काय पिशवीत भरतोयस का रे?” दादा म्हणाला.

“भरल्या पोटी धाप जास्त लागते.”

“शेपूट फुटली का बघ मला.”

विमानतळावर सगळं सुरळीत झालं, आणि सुरळीत होतंय म्हणूनच धाकट्याला ते खरं वाटेना. चाकांची खुर्ची आली. मशीनचे कागद एका मुलीने वरवर बघून परत दिले. विमानात दादाला खिडकी मिळाली, धाकट्याला शेजारची जागा. मशीन दादाच्या पायांपाशी. बॅटरीच्या चार हिरव्या ठिपक्यांवर धाकट्याची नजर खिळली होती. मग दार लागलं. ते दार लागण्याचा आवाज त्याने कानांनी ऐकलाच नाही. तो त्याला बरगड्यांत जाणवला, जाड, मऊ आणि पक्का. तीस वर्षं तो झाकणाच्या बाहेर उभा होता. आज आत होता.

विमान उठलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि दादाच्या मनगटाला घट्ट धरलं.

“अरे, मी आजारी आहे की तू?” दादा म्हणाला. “बघ, घरं कशी काडेपेट्यांसारखी दिसतायत.”

“नको, तूच बघ.”

“आपली मोरी दिसते का शोधतोय.”

काही वेळाने विमान सरळ झालं. ठिपक्यांतला एक विझला होता, तीन उरले होते. इतक्या लवकर? उड्डाणाआधी विमान बराच वेळ नुसतंच रांगेत उभं होतं, ते यात धरलं नव्हतं का? धरलं होतं. तरीही लवकरच. तेवढ्यात छतातून वैमानिकाचा आवाज आला, झोपाळू आणि खुशाल. हवामान स्वच्छ आहे. समोरून वारा आहे, पण काळजीचं कारण नाही. आपण अजून बरोबर चार तासांनी उतरू, तेव्हा तिथे साडेअकरा वाजले असतील. प्रवाशांनी आपापली घड्याळं दोन तास मागे करून घ्यावीत.

आजूबाजूला चारदोन जणांनी मनगटं वर केली. कुणीतरी जांभई दिली.

धाकट्याने तिकीट काढलं. नऊ. साडेअकरा. ते आकडे तसेच होते, जागचे हलले नव्हते. त्यांच्या मधली जागा मात्र एकदम रुंद झाली होती, आणि त्या रुंद जागेत दादा नळी लावून बसला होता. धाकट्याचे हातपाय गार पडले. त्याला ओरडावंसं वाटलं, दार उघडा, उघडा, डबा चुकीचा भरलाय. पण ओरडायचं नसतं. बंद झाकणात ओरडायचं नसतं. शेजारचा घाबरला की त्याची हवा लवकर संपते. त्याने तिकीट चौपदरी घडी करून खिशात घातलं आणि तोंडावर काहीही न दाखवता तो उठला.

“कुठे?” दादाने डोळे न उघडताच विचारलं.

“लघवीला.”

“विमानात बसल्या बसल्या? धन्य आहेस.”

मागच्या बाजूला पडद्याआड चहाच्या किटल्यांपाशी विमानातली मुख्य बाई उभी होती. थोराड, केस घट्ट बांधलेले, पायांत सपाट बूट. धाकट्याने तिथल्या कडेला हात टेकला.

“काका, बसा आधी,” ती म्हणाली. “चक्कर येतेय का?”

“माझा भाऊ. नळी. बॅटरी पुरणार नाही.”

“किती आहे?”

“आहे त्यात दोन-अडीच तास. कदाचित त्याहून कमी. मी समजलो की अडीचच तासांचं...” “माझं चुकलं हो. घड्याळाचं चुकलं.”

तिने एका क्षणात त्याचं ऐकलं, आणि त्याच क्षणात तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठी धाकट्याने पाहिली. ती त्याला दिसायला नको होती.

“खुर्चीखाली सॉकेट आहे, लावून बघू,” ती म्हणाली.

लावून बघितलं. मशीनचा हिरवा दिवा लागला, ओळीतले सगळे दिवे एकदा लुकलुकले आणि सॉकेट मेलं. ते मोबाइलपुरतंच होतं. मुख्य बाईने मशीनची वायर काढली आणि ती दादाला म्हणाली, “काही नाही आजोबा, तपासून बघत होतो.”

“आजोबा कुणाला म्हणतेस?” दादा म्हणाला. “तुझ्याएवढा असताना मी दिवसाला तीन गाड्या रंगवायचो.”

पुन्हा पडद्याआड. ती आता हळू आवाजात, भरभर बोलत होती. विमानात ऑक्सिजनच्या छोट्या नळकांड्या आहेत. एक पूर्ण देऊ शकते, बारीक सोडली तर तासभर, थोडी जास्त. दुसरी हातची ठेवावी लागते, विमानात एवढी माणसं आहेत, कुणाला काय होईल सांगता येत नाही. कॅप्टनशी बोलते. ती गेली. धाकटा किटल्यांपाशी एकटा उभा राहिला. पायांखाली जमीन थरथरत होती. या जमिनीखाली मालाचा कप्पा असतो, त्याला माहीत होतं. तिथे कुणाचे तरी डबे असतील. अंधारात, दाटीवाटीने. त्याने पहिल्यांदा विचार केला की आतून ते कसं ऐकू येत असेल.

ती परत आली. “अजून पाऊण तासाने एक शहर लागतं. कॅप्टन तिथे उतरू शकतात. त्यानंतर मात्र समुद्र. समुद्र लागला की मग मधे काही नाही, थेट तिथेच. उतरायचं की नाही ते लवकर सांगावं लागेल. काका, ऐकताय ना?”

“तिथे उतरलं तर?”

“तिथल्या हॉस्पिटलात नेतील. चांगलं असेलच असं नाही. लहान गाव आहे.”

“आणि पलंग? दुपारचा पलंग?”

तिला पलंगाचं काही माहीत नव्हतं. तिने नुसता त्याच्या कोपराला हात लावला.

उतरलं तर दादा आज वाचेल आणि मग घरी जाऊन पाळीची वाट बघेल, जी वाट बघायला सवड नाही. नाही उतरलं तर आजच. धाकट्याला वाटलं, कुणीतरी यावं आणि सांगावं की अमुक कर. लहानपणी दादा सांगायचा. आत्ता दादालाच विचारायचं म्हणजे त्याला सांगायचं, की बाबा, तुझी हवा मी कमी भरली. आणि ते ऐकून त्याची छाती भात्यासारखी उडायला लागली तर? आहे ती बॅटरीसुद्धा अर्ध्या वेळात संपेल. त्याच्या मनात उतरायचंच ठरत होतं. भीतीला जवळची जमीन हवी असते.

तो जागेवर आला. ठिपका एक. बघता बघता तोही लाल झाला, मशीन कुंकुं करून ओरडली आणि धाकट्याने दुसरी बॅटरी बसवली. ती दोनदा तिरकी गेली. दादा खिडकीकडे तोंड करून पडला होता. त्या मधल्या काही क्षणांत त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

“दोन तासांची म्हणून दिली होती ना रे ती?” दादा म्हणाला.

“हो. जरा जुनी असेल.”

“आणि जायचंय अजून साडेतीन.”

धाकट्याचा हात बॅटरीवरच राहिला. “तू...”

“कान शाबूत आहेत माझे. नाक गेलंय.” दादाने मान वळवली नाही. एकेक शब्द मोजून, मधे फुस्स होऊ देऊन तो बोलत होता. “तू उठून गेलास, तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे. नाहीतर तुझं तोंड बघून मलाच धाप लागली असती. किती गार पडला होता तुझा हात. मला वाटलं बर्फाची लादी ठेवली कुणी.”

“दादा, मला वाटलं अडीच...”

“कळलं.”

“मधे एक गाव आहे. उतरता येईल. मी सांगतो त्यांना उतरायला.”

“उतरून काय करू? गाव बघू?”

“जीव वाचेल.”

“तो आहे कुठे वाचायला. तो त्या पलंगावर ठेवलाय.” दादाने मान वळवली. मग त्याने धाकट्याकडे बघितलं आणि धाकट्याला दिसलं की दादाच्या डोळ्यांतही भीती होती, साधी, उघडी, पोरासारखी. आयुष्यात कधी ती दिसली नव्हती. “मला भीती वाटतेय लहान्या. लई नाही, पण वाटतेय. तेव्हा तू आता बावळटासारखा रडत बसू नकोस. मासे कसे पोचवतोस? ते कर.”

“मासे मरतातसुद्धा, दादा.”

“सगळे?”

“सगळे नाही.”

“मग झालं तर.”

मुख्य बाई ओळीच्या टोकाशी येऊन उभी होती. धाकट्याने मान हलवली. उतरायचं नाही. मान हलवून होताच त्याला वाटलं की आपण दादाला मारलं.

मग त्याने जे येत होतं ते केलं. बॅटरी जास्त चालावी म्हणून मशीनचा हवा सोडण्याचा आकडा तीनवरून दोनवर आणला. खिडकीची झडप ओढली. वरचा दिवा घालवला. वाऱ्याची तोटी दादाच्या तोंडावर गार सोडली, पांघरूण काढून टाकलं. मागच्या ओळीतल्या दोघांना हळू बोलण्याची विनंती करून आला, आणि मुख्य बाईने पुढचे दिवेही मंद केले. “बोलायचं नाही,” त्याने दादाला सांगितलं. “हलायचं नाही. काही बघायचं नाही.” दादाने एक बोट उचलून कबूल केलं.

विमान खाली आल्यासारखं वाटलं. कॅप्टनने आजोबांसाठी उंची कमी केलीय, मुख्य बाई त्याच्या कानाशी म्हणाली, खालची हवा जरा दाट पडते. खालच्या हवेत ढग होते. विमान धक्के खाऊ लागलं. प्रत्येक धक्क्याला दादाच्या गळ्याची शीर ताठ व्हायची. तो दादाच्या ओठांकडे बघत राहिला. आधी गुलाबी, मग मळकट, मग कडांना जांभळट. नखांचीही तीच गत. अशा रंगाचा मासा त्याने कितीदा पाहिला होता. पिशवीच्या तळाशी तिरका झालेला, कल्ले हळूहळू हलवणारा. तेव्हा आपण दुसरी पिशवी घ्यायचो. दुसरी पिशवी.

समुद्र लागला असणार. झडप बंद होती, पण त्याला तो खाली पसरलेला जाणवला.

एकदा दादाचं फुस्स चुकलं. मशीन थांबली होती की दादा? धाकट्याने त्याच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली काही हललं नाही. सगळं जग त्या तळहाताएवढं झालं. मग छाती वर आली, अर्धीच, आणि खाली गेली. धाकट्याने तोंडावर दुसरा हात दाबून धरला, आवाज निघू नये म्हणून.

दुसरी बॅटरी तिच्या वेळेच्याही थोडी पुढे चालली आणि मग विझली. मुख्य बाईने नळकांडी आधीच आणून ठेवली होती. ती गुडघ्यांवर बसली, मास्क लावला, चावी अगदी बारीक फिरवली. “याला आता हात लावू नका,” ती म्हणाली. धाकट्याने नळकांडीच्या काट्यावर डोळे लावले. काटा हलत नाही असं वाटायचं, आणि नजर फिरवून परत बघितलं की तो खाली आलेला असायचा. बघत राहिलो तर हलत नाही, हे त्याला कळलं, म्हणून तो पापणी न हलवता बघत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी बघत राहिला.

चाकं जमिनीला लागली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणी मोबाइल चालू केले, कुणी पट्टे सोडले. काटा लाल पट्टीत होता. विमान पळत राहिलं, वळलं, पुन्हा वळलं आणि थांबलं. आणि तसंच थांबून राहिलं.

“दार?” धाकटा म्हणाला.

“शिडी येतेय, काका. दोन मिनिटं.”

त्या दोन मिनिटांइतका तो आधीच्या साडेचार तासांत घाबरला नव्हता. उड्डाणाची वेळ संपली होती. तिकिटावरचे साडेअकराही वाजले होते. सगळ्यांच्या हिशेबाने प्रवास झाला होता. पण झाकण उघडलं नव्हतं. काटा तळाला टेकला. मास्कमधली वाफ यायची थांबली. दादाने डोळे उघडले आणि ते कुणाकडेही न बघता वरच्या छताकडे लागले. मुख्य बाई उठली, पडद्याकडे धावली आणि हातची ठेवलेली दुसरी नळकांडी घेऊन आली. तिने कुणाला विचारलं नाही. चावी फिरवताना तिच्या बोटांना घाम आला होता, ती निसटली, मग फिरली.

त्याच वेळी पुढे दार उघडलं आणि त्या शहराची हवा ओळींमधून मागे आली, दमट, डिझेलच्या वासाची. दोन माणसं स्ट्रेचर आणि मोठा सिलिंडर घेऊन आत शिरली. लोक खुर्च्यांमध्ये अंग चोरून उभे राहिले. नवा मास्क, नवी नळी. कुणीतरी आकडे ओरडत होतं. दादाला उचललं, शिडीवरून खाली नेलं, गाडीत ठेवलं, आणि धाकटा हे सगळं होताना सोबत होता की फरपटत येत होता ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

गाडी सुरू झाली. मास्कमध्ये वाफ येत होती, जात होती. धाकट्याला तिचा विश्वास वाटेना. आता येईल, आता नाही येणार.

“हे कोण तुमचे?” गाडीतल्या माणसाने विचारलं.

“मोठा भाऊ.”

“मग जरा हात सोडा त्यांचा. सुई लावायचीय.”

धाकट्याने हात सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. विमान उठल्यापासून ती मनगटाभोवती पुन्हा पुन्हा आवळली होती, आणि आता त्यांनी धाकट्याचं ऐकायचं सोडून दिलं होतं. गाडीतल्या माणसाने एकेक बोट धरून उचललं. करंगळी शेवटी निघाली. दादाच्या मनगटावर चार पांढरे वळ उमटले होते, आणि हळूहळू त्यांत लाल रंग भरत होता. धाकटा वाकून ते बघत राहिला.

“काय बघतोस?” मास्कच्या आतून दादाचा आवाज आला, जाडाभरडा, लांबून आल्यासारखा. “मी कुठे पळून जातोय?”